ऊन जास्त झालेली पानं

मुंगीच्या आईने ब्रश पाण्यात खळखळून घेतला, राखाडी रंगाचा पातळ हात स्वयंपाकघराच्या चित्रावर वरपासून खालपर्यंत फिरवला आणि श्वास रोखून बघत राहिली. कागद ओला होता तोवर चित्र उदास दिसलं. वाळत आलं तसं ऊन पुन्हा वर आलं. ओट्यावर आलं, नळावर आलं, ताटांच्या कडांवर आलं आणि खुर्चीच्या रिकाम्या पाठीवर जाऊन टेकलं. आधी दोन हात देऊन झाले होते. आता आणखी एक दिला असता तर कागदाचा लगदा झाला असता.

"बाई गं," संपादकबाई सकाळीच फोनवर म्हणाल्या होत्या, "चित्रं सुरेख झालीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण एक गोची आहे. बाबा जायच्या आधीची पानं अंधारी आणि गेल्यानंतरची लख्ख. शेवटाकडून वाचलं तर पुस्तक बरोबर लागतंय बघ!"

आणि त्या मोठ्याने हसल्या होत्या. मुंगीची आईही हसली होती, हसायला हवं म्हणून.

"शेवटच्या पानांवरचं ऊन जरा उतरव," संपादकबाई म्हणाल्या. "फार नको हं. दुःख दिसलं पाहिजे, भीती नको वाटायला."

पुस्तक अगदी लहान मुलांसाठी होतं. ज्या घरातलं माणूस गेलं आहे, त्या घरातल्या लेकराच्या हातात द्यायचं पुस्तक. मोठ्यांना बोलता येत नाही ते त्याने बोलावं, अशी संपादकबाईंची इच्छा. कविता एका म्हाताऱ्या शिक्षकांची होती. साधी, जात्यावर गुणगुणावी तशी.

बाबाचा सदरा खुंटीवर,
बाबाची चप्पल दाराशी,
बाबा कुठे गं, सांग आई,
घेऊन चल ना बाबापाशी.

आणि त्यावर आईचं उत्तर:

येणार नाही बाबा आता,
रडू दे डोळे, आवरू नको;
मी आहे इथे, धर हा हात,
अंधार झाला तरी घाबरू नको.

मुंगीच्या आईची एक खोड होती. डोळ्यांसमोर वस्तू नसेल तर तिचा हात चालत नसे. मनाने काढलेली खुर्ची तिला लंगडी वाटायची. त्यामुळे पुस्तकातलं घर म्हणजे तिचंच घर झालं होतं. पुस्तकातली मुलगी म्हणजे तिची लेक मुंगी आणि पुस्तकातले बाबा म्हणजे तिचा नवरा. तो संध्याकाळी कामावरून आला की दिव्याखाली बसायचा, तेव्हा तिने त्याची पानं काढली. तो नसलेली पानं तो नसताना काढली, सकाळी, तो कामाला गेल्यावर, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना. म्हणजे गोष्ट काहीच नव्हती. दिव्याचा उजेड आणि उन्हाचा उजेड, एवढाच काय तो फरक. संपादकबाईंना तिने हेच सांगितलं होतं. स्वतःलाही सकाळपासून हेच सांगत होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या कितीतरी उंच इमारतींच्या पोटातल्या काळ्या विहिरींत तो उतरायचा आणि वर येताना हसत यायचा. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना तो हवाहवासा. कुणाचं दार अडकलं, त्याला बोलवा. कुणाची पिशवी जड, तो धावतच येणार. पुस्तकात आपण आहोत आणि त्यातही मरतो आहोत, हे कळल्यावर तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटला होता.

"आमच्या बायकोने मला मारलं आणि वर पुस्तक काढतेय!"

आणि चित्रासाठी बसला की म्हणायचा, "नाक नीट काढ हं. मेलो तरी देखणा दिसलो पाहिजे."

आज सकाळी बूट चढवता चढवता तो म्हणाला होता, "संध्याकाळी समोरच्या काकू येतायत चहाला. त्यांना पुस्तक बघायचंय. पानं हॉलमध्ये जमिनीवर मांडून ठेव. ओळीने. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"काही पानांचं काम राहिलंय अजून."

"मग करून टाक."

तो आवाज चढवत नसे. त्याला तशी गरजच पडत नसे.

तिने ओलं पान खिडकीत वाळत ठेवलं, हात पुसले आणि मुंगीला आणायला शाळेकडे निघाली.

मुलीचं खरं नाव वेगळंच होतं, पण चालायला लागल्यापासून तिच्या पावलांचा आवाज कुणी ऐकला नव्हता, म्हणून ती मुंगी. फाटकापाशी मुंगी दप्तर पायाशी ठेवून उभी होती आणि तिच्या खांद्यावर तिच्या बाईंचा हात होता.

"एक मिनिट बोलायचं होतं," बाई म्हणाल्या आणि मुंगीला म्हणाल्या, "जा, पिल्लू, झोका घे तेवढ्यात."

मुंगी झोक्याकडे गेली. झोका न हलवता त्यावर बसून राहिली.

"तिचे बाबा आजारी आहेत का?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही. का हो?"

"तिने काल वर्गात सांगितलं, आमचे बाबा जाणार आहेत म्हणून. कुठे जाणार, मी विचारलं. तर म्हणे, मरणार आहेत." बाईंनी झोक्याकडे पाहिलं. "रडली असती तर मी समजले असते. पण डबा खाता खाता सांगितलं हो. सुट्टीत मामाकडे जाणार म्हणून सांगावं, तसं. पोरांनी बिचाऱ्यांनी आपापला खाऊ दिला तिला."

मुंगीच्या आईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "मी एका पुस्तकाची चित्रं काढतेय," ती म्हणाली. "त्यात बाबा जातात. चित्रं आमच्या ह्यांच्यावरूनच काढलीत. माझीच चूक. तिने मनाला लावून घेतलं असणार."

"असेलच. मुलं आतल्या आत कुढतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही." बाईंनी तिचा हात दाबला. "बसा तिच्यासोबत. पुस्तक आहेच की तुमच्याकडे. त्यासाठीच असतात ना ती?"

घरी येताना मुंगी रस्त्यातला एक दगड पायाने पुढे पुढे ढकलत होती.

"आई, बाबांच्या लिफ्टची दोरी तुटते का कधी?"

"नाही गं राणी. लोखंडी असते ती. जाडजूड."

"पण समजा तुटली तर?"

"एकच नसते दोरी. खूप असतात. एक तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात."

"सगळ्या तुटल्या तर?"

"सगळ्या कधीच तुटत नाहीत."

मुंगीने मान हलवली. दगड गटारात गेला. तिने वाकून पाहिलं आणि मग दुसरा दगड शोधला नाही. केवढं ओझं घेऊन चालली आहे लेकरू, आईला वाटलं, आणि आपण घरात ब्रश घेऊन बसलो होतो. तिने मुंगीचा हात घट्ट धरला. हात थंडगार होता.

घरी येऊन तिने दुसरं काहीही केलं नाही. पानं हॉलमध्ये आणली, मुंगीला मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मुंगी ऐकत होती. कविता तिला पाठच होती, ओठ हलत होते. 'बाबाचा सदरा खुंटीवर' या ओळीला तिने आईच्या आधीच पान उलटलं.

"हे बघ," वाचून झाल्यावर आई म्हणाली, "हे गोष्टीतले बाबा आहेत. दिसतात आपल्या बाबांसारखे, कारण मला दुसरं कुणाचं तोंड काढता येत नाही. पण हे ते नव्हेत. कळलं?"

मुंगीने मान हलवली.

"आपल्या बाबांना काही म्हणजे काही होणार नाही. ते कुठ्ठेही जाणार नाहीत."

"म्हातारे होईपर्यंत?"

"म्हातारे होईपर्यंत."

"मी मोठी होईपर्यंत?"

"तू मोठी झालीस, तुझं लग्न झालं, तरी बाबा इथेच. या खुर्चीत."

मुंगीने खुर्चीकडे पाहिलं. मग तिचा खालचा ओठ पुढे आला आणि थरथरला, आणि आता, इतक्या दिवसांनी, ती रडली. तोंड दोन्ही हातांनी दाबून रडली. आवाज अजिबात नव्हता, नुसती पाठ हलत होती. आईने तिला कुशीत ओढलं. येऊ दे, सगळं बाहेर येऊ दे, असं म्हणत पाठ थोपटली. म्हणजे पुस्तक कामाला आलं म्हणायचं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"आता नाही ना भीती वाटत?"

मुंगीने नाक पुसलं. मांडीवरून उतरली. शेवटच्या पानांपाशी गुडघे टेकून बसली.

"मग हे कुणाचं घर आहे?"

"अगं, गोष्टीतलं."

"इथे तू नळ मोठ्ठा सोडलायस." मुंगीचं बोट चित्रापासून जरा वर, हवेत होतं. रंगाला बोट लावायचं नाही हे तिला शिकवलेलं होतं. "आणि इथे ताटं एकावर एक आहेत. मधे फडकं नाहीये. इथे मी पलंगावर उड्या मारतेय. आणि हे." तिने पुढचं पान दाखवलं. "इथे तू दाराकडे बघत नाहीयेस."

आई त्या पानावर वाकली.

"मला वाटलं आपण तिकडे जाणार," मुंगी म्हणाली. "म्हणून मी शाळेत सांगितलं."

खिडकीत वाळत घातलेलं राखाडी पान वाऱ्याने फडफडलं. आई उठली नाही. तिने आधीची पानं जवळ ओढली, दिव्याखालची. रोजच्या सवयीचं घर होतं ते. समोर होतं तसं तिने रंगवलं होतं, एका दोऱ्याचाही फरक न करता. ताट आणि ताट यांच्या मधे घडी घातलेलं फडकं. नळाची करंगळीएवढी धार. दाराच्या फटीत कोंबलेला कागद, दार आपटू नये म्हणून. पलंगाच्या अगदी कडेला, जागा न घेता झोपलेली मुलगी. आणि प्रत्येक पानावर आई. कधी भाजी चिरताना, कधी वेणी घालताना, कधी मुलीला भरवताना, आणि प्रत्येक पानावर तिची मान जराशी वळलेली, दाराकडे. दाराबाहेर तर काहीच काढलेलं नव्हतं.

फडकं केव्हापासून आलं, तिला आठवत होतं. तो दुपारचा आडवा झाला होता आणि तिच्या हातून झाकण पडलं. तो उठून आला, हसतच आला. मांडणीवरचं एकेक भांडं त्याने उचललं, हात लांब केला आणि सोडलं. एक झालं की दुसरं. "वाजवायचंय ना तुला?" प्रत्येक भांड्यामागे तो मऊ आवाजात विचारत होता. "वाजवू या. आणखी वाजवू या?" मांडणी रिकामी झाली तेव्हा मुंगी टेबलाखाली होती, आणि समोरच्या घरातला काकूंचा रेडिओ बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तो काकूंना म्हणाला, "आमच्याकडे काल साफसफाई होती हो, त्रास झाला का?"

"तुला इथे राहायचंय?" आईने शेवटच्या पानाकडे बोट दाखवून विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"तू पण असशील ना?"

आई उठली. राखाडी रंगाची वाटी तिने मोरीत ओतली. रंग जाळीभोवती गरगरला आणि उतरला. शेवटची पानं लपवावीत, काम व्हायचंय म्हणून सांगावं, असं तिला वाटलं. तिने ती कपाटात ठेवलीसुद्धा. मग कपाटासमोर उभी राहिली. ओळीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, असं तो म्हणाला होता. आणि नसलेली पानं त्याला असलेल्या पानांपेक्षा आधी दिसतात, हा अनुभव होता. ती पानं तिने परत काढली आणि हॉलमध्ये मांडत गेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. डागाळलेलं राखाडी पानही त्याच्या जागी ठेवलं. मांडून झाल्यावर दिसलं ते तिला कधीच एका नजरेत दिसलं नव्हतं. एका टोकाला संध्याकाळ होती आणि दुसऱ्या टोकाला सकाळ. आणि मधोमध, जिथे उजेड फुटत होता, तिथे तो मेला होता.

या इमारतीच्या लिफ्टला त्याने असं तेल दिलं होतं की ती आली कधी, गेली कधी, कळत नसे. पण जमिनीतून एक बारीक थरथर येई, आणि ती या घरातल्या दोघींना तळपायांनी कळे. मुंगीने पसरलेले पाय पोटाशी घेतले.

"या काकू, या!" दार उघडून तो म्हणत होता. "माझ्या मरणाला या!"

"गप रे मेल्या," काकू म्हणाल्या. "तिन्हीसांजेला असलं बोलतात होय?"

समोरच्या काकू एकट्याच राहायच्या. मुलगा परदेशी, गुडघे दुखरे, चष्मा जाड, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. त्यांनी भिंतीला धरत धरत पहिल्या पानापर्यंत मजल मारली. तो त्यांना दाखवू लागला.

"हा मी. नाक बघा, बरोबर आलंय की नाही?"

"तुझ्यापेक्षा चांगलं आलंय."

तो खदखदून हसला. पानापानाला थांबत, वाकत, दोघं पुढे सरकले. मुंगीची आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कप बशीत वाजू नयेत म्हणून तिने बोटं मधे घातली होती.

"इथे मी गेलो," तो म्हणाला. मग त्याने पुढे पाहिलं, आणि पुढचं पान, आणि त्याच्या पुढचं. राखाडी पानाशी तो खाली बसला आणि अंगठ्याने त्याने कागद दाबून पाहिला. रंगाचा एक पापुद्रा अंगठ्याला चिकटून आला.

"हे काय झालं?"

"ऊन कमी करत होते," ती म्हणाली. "संपादकबाई म्हणाल्या, ऊन जास्त झालंय."

"हं." त्याने अंगठा पँटला पुसला. "झालंय खरं." मग हसून काकूंकडे वळला. "बघितलंत? मी गेल्यावर विजेचं बिलच येणार नाही हिला."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. शेवटच्या पानापासून त्या मागे फिरल्या. एकेक पान उलट्या वाटेने बघत, गुडघ्यावर हात ठेवून वाकत, पार पहिल्या पानापर्यंत गेल्या. ताटांमधल्या फडक्यापाशी त्या थांबल्या. मग त्यांनी मान वर केली आणि मुंगीच्या आईच्या बोटांकडे पाहिलं, कपबशांमध्ये अडकवलेल्या. त्यांच्या तोंडाचा पट्टा बंद झाला होता, आणि खोलीत ते सगळ्यांना जाणवत होतं.

"अगं," काकू शेवटी म्हणाल्या, "माझी मागची खोली नुसती पडून आहे बघ. सकाळपासून ऊन असतं तिथे. चित्रं काढायला ये की."

"आमच्याकडे काय जागा कमी आहे, काकू?" तो म्हणाला. हसतच म्हणाला, आणि अगदी मऊ.

"जागा नाही म्हटलं रे मी. ऊन म्हटलं." काकू त्याच्याकडे बघत नव्हत्या. "पलंगही आहे. उशीर झाला कामाला, तर झोपायचं तिथेच. मी काय, एकटीच असते. दाराला आतून कडी आहे चांगली."

चहावर साय धरत होती.

"आम्ही दोघीच?" मुंगीने विचारलं.

इतक्या स्वच्छ आवाजात ती या घरात कधी बोलली नव्हती. तो उकिडवा बसला होता, तिथून त्याने सावकाश मान वळवली. मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच होतं, फक्त त्यामागचं माणूस उठून गेलं होतं.

"सांग तिला," तो म्हणाला. "काय ते सांग तिला."

मुंगीच्या आईने ट्रे खाली ठेवला. कपबशा खणखणल्या.

"दोघीच," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.